एका बाईमागे एकच पास

बाळंतपणाच्या विभागाबाहेर एक खिडकी आहे. खिडकीत एक माणूस बसतो आणि त्याच्यापुढच्या ट्रेमध्ये पिवळे पास असतात, दोरीला अडकवलेले, गळ्यात घालायचे. एका बाईमागे एकच पास. म्हणजे आत कळा सोसणाऱ्या बाईजवळ एकच माणूस बसणार आणि बाकीचं गणगोत बाहेरच्या बाकावर. त्या दिवशी सकाळी साडेआठला त्या खिडकीपुढे दोघी उभ्या होत्या. एक पोरीची आई, एक पोरीची सासू. पोर आत.

पासवाल्यानं "आत कोण जाणार?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पास सासूच्या हातात ठेवला. ठेवणारच. नऊ वर्षं ओळखत होता तो त्यांना. त्यांनीही तो सवयीनं गळ्यात अडकवला, विहीणबाईंना म्हणाल्या, "तुम्ही निवांत बसा हो, मी आहे ना," आणि दार ढकलून आत गेल्या. विहीणबाई मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसल्या. त्यांच्या शेजारी पोरीचा नवरा, मोबाईल हातात धरून, पण त्यात न बघता.

आता यात एक साधी गोष्ट राहून गेली. जिचं बाळंतपण, तिला कुणी विचारलंच नाही की बाई, तुला जवळ कोण हवंय? आणि हे घडावं कुणाच्या घरात? तर वकीलबाईंच्या, म्हणजे याच सासूच्या! ज्या बाईनं "तिला विचारा, आधी तिला विचारा" म्हणून अख्ख्या हॉस्पिटलचं डोकं उठवलं होतं, तिच्या घरात.

वकीलबाई म्हणजे वकील नव्हेत हं. काळा कोट त्यांनी लांबूनच बघितलाय. त्या वीस वर्षं बसस्टँडवर गाड्यांच्या वेळा सांगायच्या. "फलाट क्रमांक चारवरची गाडी थोड्याच वेळात सुटेल," हे तुम्ही ज्या आवाजात ऐकलंत, तो आवाज यांचा. माईक बंद पडला तरी काम अडायचं नाही, असा गळा. पुढे रेकॉर्ड केलेला आवाज आला, यांना पास विभागात शिक्के मारायला बसवलं, आणि शेचाळिसाव्या वर्षी बाईंनी नोकरीला रामराम ठोकून भलतंच काम धरलं. बाळंत होणाऱ्या बाईची सोबत करायचं. सर्टिफिकेटवर त्याला 'डूला' म्हटलंय. तो शब्द घरात कुणाला पचला नाही.

"म्हणजे सुईण का गं?" बहिणीनं विचारलं.

"नाही."

"मग नर्स?"

"नाही."

"मग करतेस काय तिथे जाऊन?"

"बसते," वकीलबाई म्हणाल्या. "तिच्याजवळ बसते. कुणीतरी बसायला नको?"

हे 'कुणीतरी बसायला नको' कुठून आलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या स्वतः बाळंत झाल्या. सहा खाटांची खोली, मध्ये पडदा नाही. दारं सताड उघडी, येणारा-जाणारा आत डोकावतोय. पहिली मोठी कळ आली आणि त्या ओरडल्या, तर सिस्टरनं मांडीवर फाडकन चापट मारली. "आता कशाला ओरडतेस? तेव्हा नाही ओरडलीस ती?" आणि बाकीच्या हसल्या. हसल्या हो! मग शिकाऊ डॉक्टरांची रांग आली. एकानं तपासलं, दुसऱ्यानं तपासलं, तिसऱ्यानं हातमोजा घालता घालता चौथ्याला काल बघितलेल्या मॅचचं सांगितलं. एकानंही "बाई, तपासू का?" म्हटलं नाही. नाव तर सोडाच. फरशी पुसणारी एक बाई तेवढी थांबली. बादली बाजूला सारून तिनं यांचं पाऊल हातात धरलं, कारण हाताच्या टोकाशी तेवढंच होतं, आणि दोन मिनिटं नुसती उभी राहिली. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

जिच्या एका हाकेवर पन्नास गाड्या हलायच्या, ती बाई त्या खाटेवर मूग गिळून पडून राहिली. चकार शब्द नाही. त्यांना त्या सिस्टरचा राग आला, डॉक्टरांचा आला, पण सगळ्यात जास्त आला स्वतःचा, आणि तो राग काही केल्या उतरेना. मुलगा मोठा झाला, कॉलेजात जायला लागला, तरी उतरेना. मग म्हणाल्या, ठीक आहे, याला कामाला लावू.

आणि लावलं. काम बघाल तर साधंच दिसतं. कळ आली की माकडहाडाच्या वर चार बोटं तळहाताचा गड्डा रोवून दाबायचं, दमानं, कळ ओसरेपर्यंत. ओल्या रुमालानं मान पुसायची. बर्फाचा खडा द्यायचा. उभी राहायची तर उभी राहू द्यायचं, रांगायचं म्हणाली तर रांगू द्यायचं. आत जाण्याआधी वकीलबाई मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकतात. बाईसमोर घड्याळ बघितलं की बाईला वाटतं आपल्याला उशीर होतोय. उशीर! जशी काही तिची गाडी सुटणार आहे. आणि यांतलं काहीच जमलं नाही तर नुसतं जवळ बसायचं, आणि आलेल्या प्रत्येक पांढऱ्या कोटाला म्हणायचं, "तिला विचारा."

दोनेक वर्षं हे म्हणून म्हणून घसा बसला, तेव्हा त्यांनी पसंतीचा कागद काढला. दहा प्रश्न. दिवा मोठा ठेवायचा की बारीक? तपासायला एकच डॉक्टर चालेल की शिकाऊही? वेदना कमी करायचं पाठीतलं इंजेक्शन हवं का? असं करत दहावा प्रश्न: जवळ कोण हवं? बाईनं घरीच भरायचा आणि येताना आणायचा. हॉस्पिटलनं आधी उडवून लावलं, मग टाळाटाळ केली, मग वकीलबाईंच्या आवाजाला कंटाळून मान्य केलं. पण घरून भरून आलेले कागद बघितले आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळे नवऱ्यांनी भरलेले, नाहीतर सासवांनी. एका बहाद्दरानं तर लिहिलं होतं, "आम्हाला इंजेक्शन नको." आम्हाला! जशा काही याच्याही कमरेत कळा येणार होत्या.

वकीलबाई तो कागद घेऊन तडक मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि नियम करूनच बाहेर आल्या. कागद बाईच्याच अक्षरात हवा. जिला लिहिता येत नाही तिला एकटीला बसवून वाचून दाखवायचा आणि खुणा तिनं करायच्या. दुसऱ्याचं अक्षर दिसलं की कागद रद्द. विभागाच्या मोठ्या सिस्टरनं तेव्हा पुष्कळ त्रागा केला. "आता आम्ही अक्षरं तपासत बसायची का?" पण मोठी सिस्टर म्हणजे नियमाची पक्की. एकदा नियम झाला म्हटल्यावर तिनं सख्ख्या भाचीचाही कागद परत केला. 'वकीलबाई' हे नाव तिनंच ठेवलेलं. "आल्या वकीलबाई, बंद करा चहा," असं ती भर व्हरांड्यात म्हणायची. वकीलबाईंना त्या नावाचा राग कधी आला नाही. खरं सांगायचं तर मनातून त्या सुखावायच्या.

तर अशी ही बाई. आता सुनेकडे येऊ.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला. काचा मशीनवर घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, काम डोळ्यांत तेल घालून करायचं. दिवसभर मशीनची घरघर, त्यामुळे म्हणा की मुळातच म्हणा, पोरीचं बोलणं कमी. एक वाक्य बोलायच्या आधी ती तीनदा आत घासून बघणार. तिला दिवस गेले तेव्हापासून वकीलबाई हवेत होत्या. डूलाच्या शिकवणीच्या वर्गात त्यांच्या बाईंनी बजावून सांगितलं होतं की स्वतःच्या घरातल्या बाळंतपणाला सोबतीण म्हणून जाऊ नका. घरच्या माणसाचं आपण ऐकत नाही, आपल्याला वाटतं की आपल्याला आधीच माहीत आहे. वकीलबाईंनी तेव्हा ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं, खाली रेघही मारली होती. आणि आता म्हणत होत्या, "छे! तो नियम नवख्यांसाठी."

दिवस भरायच्या आठवडाभर आधी, संध्याकाळी, सून जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसली. पेन्सिल दातांत धरून एकेक प्रश्न वाचत होती. इंजेक्शनपाशी थांबली.

"आई, हे पाठीतलं इंजेक्शन... कितपत दुखतं हो?"

"अगं, तुला कशाला लागतंय ते?" वकीलबाई हात पुसत आल्या. "मी आहे ना! दोनशे जणींना बघितलंय. आण इकडे, तू काय रात्रभर घासत बसशील."

आणि खुर्ची ओढून त्यांनी दोन मिनिटांत दहाच्या दहा प्रश्न भरून टाकले. इंजेक्शन: नको. जवळ कोण हवं: सासूबाई. झालं!

"चालेल ना?"

"बरं," सून म्हणाली.

हे 'बरं' परक्या बाईच्या तोंडून आलं असतं, तर वकीलबाईंनी तिथल्या तिथे पेन खाली ठेवलं असतं. त्या 'बरं'ची जातकुळी त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक? अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या खाटेवर त्याही 'बरं'च म्हणत होत्या. पण हे पडलं घरातलं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि कुकर लावायला उठल्या.

त्या दिवशी सकाळी आत मात्र सगळं झकास चाललं होतं. निदान वकीलबाईंच्या मते. खोली स्वच्छ, एका बाजूला मोठी खिडकी. सून खिडकीच्या कठड्यावर कोपरं टेकून उभी, वकीलबाई मागे. कळ आली की तळहात रोवायचा. "सोड, श्वास सोड. ओठ सैल. शाब्बास." डॉक्टर आले, तर बाईंनी आधी दिवा बारीक करायला लावला, मग तपासू दिलं. दोन शिकाऊ पोरी दारात घुटमळल्या, त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. सगळं कागदाबरहुकूम.

दहाच्या सुमाराला एका कळेत सून म्हणाली, "मम्मी..."

"हो हो, आलीच ही कळ, गेलीच बघ," वकीलबाई म्हणाल्या.

साडेदहाला पुन्हा. "मम्मी." त्यांनी रुमाल ओला करून मानेवर ठेवला. पुढे तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदाही बाईंना वाटलं की दुखलं की कुणाच्याही तोंडून आईच निघते, त्यात काय विशेष. विशेष काही नव्हतं. फक्त जिला मम्मी म्हणत होती ती तीस पावलांवर बाकावर बसली होती.

अकरा वाजून गेले आणि कळा एकीला दुसरी लागून यायला लागल्या. सुनेचे पाय लटलट कापत होते. मोठी सिस्टर आत आली, पोटाला बांधलेल्या पट्ट्याच्या मशीनवर बाळाचे ठोके बघितले, मान हलवली. "सगळं नीट आहे. इंजेक्शनवाले डॉक्टर आत्ता मोकळे आहेत. द्यायचं का हिला?"

"कागदावर 'नको' लिहिलंय," वकीलबाई म्हणाल्या.

"हवंय," सून म्हणाली.

इतकं हळू की वकीलबाईंना वाटलं चुकून ऐकू आलं. "अगं, छान होतंय की तुझं! अर्धी वाट संपली. आता थोडक्यासाठी कशाला?"

"आई, हवंय मला."

"कळेत बोलतेय ती," वकीलबाई सिस्टरकडे वळून म्हणाल्या. "आत्ता तिला काय कळतंय?"

बघा, वाक्य कुणाच्या तोंडून आलं! हेच वाक्य ऐकून या बाईनं आजवर किती डॉक्टरांना फैलावर घेतलं होतं. आणि बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

मोठी सिस्टर भिंतीकडे वळली. तिनं भिंतीवरच्या पाकिटातून पसंतीचा कागद काढला, उलगडला, खिडकीच्या उजेडात धरला. मग चष्मा डोक्यावर सरकवून वकीलबाईंकडे बघितलं.

"हे अक्षर कुणाचं?"

खोलीत फक्त बाळाच्या ठोक्यांचा आवाज. टकटक, टकटक.

"अहो, घरचीच तर आहे..." वकीलबाई म्हणाल्या.

"अक्षर कुणाचं, असं विचारलं मी."

"माझं."

"मग कागद रद्द," सिस्टर म्हणाली. तिनं कागदाची घडी घालून तो त्यांच्या हातात दिला. फाडला नाही, आवाज चढवला नाही. "नियम तुमचाच आहे, वकीलबाई." आणि मग खाली वाकून, सुनेच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तिनं विचारलं, "बाळ, तू सांग. तुला काय हवंय?"

सुनेनं एक कळ जाऊ दिली. मग एकेक शब्द घासूनपुसून ठेवावा तसं म्हणाली, "इंजेक्शन. आणि माझी मम्मी." मग मान वळवून, "आई, राग मानू नका. तुम्ही बाहेर बसा. मम्मीला पाठवा."

राग मानू नका! तळपायाची आग मस्तकात गेली हो त्यांच्या. दार ढकलून व्हरांड्यात आल्या तेव्हा कानशिलं ठणकत होती. नऊ वर्षं! दोनशे बायका! कधी कुणी असा पाणउतारा केला होता का? आणि तोही त्या सिस्टरसमोर. ती आता चहाच्या वेळी सगळ्यांना मीठमिरची लावून सांगणार. आणि ही पोरगी! एरवी तोंडातून शब्द फुटत नाही, आणि आज बरोबर फुटला. सकाळपासून हिची कमर दाबून माझं मनगट सुजलंय आणि म्हणे बाहेर बसा. विहीणबाई काय करणार आहेत आत जाऊन? त्यांना सुई बघितली तरी घेरी येते. बसा म्हणावं दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून.

व्हरांडा तीस पावलांचा. वीस पावलं त्या अशा धुमसत चालल्या. हातात तो कागद होता, आणि चालता चालता तो उलगडला. दहाही प्रश्नांपुढे त्यांचं ठसठशीत अक्षर. इंजेक्शन: नको. त्यांना तो बहाद्दर आठवला, 'आम्हाला इंजेक्शन नको'वाला. त्यानं निदान 'आम्हाला' तरी लिहिलं होतं. मग ते 'बरं' आठवलं, दातांतली पेन्सिल आठवली, आणि आत तीनदा मारलेली हाक. ऐकायचं काम करणारी बाई मी, आणि तीन हाका मारल्या तरी ऐकू येत नाही? लाज वाटली त्यांना. भर व्हरांड्यात, ये-जा करणाऱ्या स्ट्रेचरच्या मध्ये उभं राहून लाज वाटली. राग गेला नव्हता, नुसता पत्ता बदलला होता.

विहीणबाई तशाच बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. त्या शाळेच्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालायच्या, फाटकी पानं चिकटवायच्या, आणि एरवीही तिथल्यासारख्याच हळू बोलायच्या. वकीलबाईंना बघून ताडकन उठल्या.

"काय झालं हो? ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तुम्हाला बोलावलंय तिनं."

"मला?"

"तुम्हाला." वकीलबाईंनी पास काढला आणि विहीणबाईंच्या गळ्यात घातला. दोरी त्यांच्या चष्म्यात अडकली, ती सोडवली. "चला, निघा."

"अहो, पण मला काय कळतं त्यातलं? तुम्हीच जा ना. मी काही चुकीचं केलं तर?"

"काही करायचं नाहीये. ती बोलावतेय, एवढं पुरे आहे." मग राहवेना म्हणून त्यांनी विहीणबाईंना पाठमोरं केलं आणि कमरेत तळहात रोवला. "म्हणाली तर इथे दाबा, असं. म्हणाली तरच. सकाळपासून काही खाल्लंत का?"

"नाही. पाणी प्यायलासुद्धा उठले नाही," विहीणबाई म्हणाल्या. "म्हटलं, तेवढ्यात हाक आली तर?"

वकीलबाईंनी स्वतःची पाण्याची बाटली विहीणबाईंच्या पिशवीत कोंबली आणि त्यांना दारापर्यंत नेऊन सोडलं. मग परत येऊन बाकावर बसल्या. नऊ वर्षांत त्या बाकावर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. बाक मेला इतका निसरडा होता की सारखं खाली घसरायला होत होतं. कसे बसतात लोक यावर तासन्‌तास?

"आई, तू बाहेर कशी?" मुलानं विचारलं.

"गप बस," त्या म्हणाल्या. "तूही विचारलं नाहीस तिला."

"काय विचारलं नाही?"

"काहीच विचारलं नाहीस. मीही नाही. गप बस."

पाच-सात मिनिटं गेली असतील, दार उघडलं आणि इंजेक्शनवाला डॉक्टर बाहेर आला. तिशीचा, तरतरीत, हातात पाटीला लावलेला कागद. "नवरा कोण? तुम्ही? इथे सही करा. पाठीतलं इंजेक्शन द्यायचंय."

मुलानं पेन घेतलं आणि सवयीनं आईकडे बघितलं. "आई, काय करू?"

"तिची सही झाली?" वकीलबाईंनी डॉक्टरला विचारलं.

"ती कळेत आहे हो. तिला आत्ता काय कळतंय?"

मघाचंच वाक्य! जसंच्या तसं! वकीलबाई उठल्या. आणि बसस्टँड सोडून नऊ वर्षं झाली होती तरी गळा तोच होता.

"डॉक्टर, सुई कुणाच्या पाठीत जाणार?"

व्हरांड्यातली माणसं थांबली. पासवाला खिडकीतून बाहेर वाकला.

"बाई, हळू बोला..."

"सुई कुणाच्या पाठीत जाणार, एवढंच सांगा. याच्या?" त्यांनी मुलाला दंडाला धरून उभं केलं आणि गर्रकन फिरवला. "ही पाठ आहे का ती? ही तर खुर्चीत बसून बसून बाक आलेली पाठ! हिला काय विचारता? जिची पाठ ती आत आहे, शुद्धीवर आहे, बोलतेय. आत्ता बोलली ना माझ्यासमोर! चांगलं खणखणीत बोलली. मला बाहेर काढलंन तिनं, एवढं कळतंय तिला. आणि सही करायचं कळत नाही?"

"अहो, पण नवऱ्याची सही घ्यायची पद्धत आहे."

"पद्धत! कुठे लिहिलीय? दाखवा. नियमात कुठे आहे ते दाखवा, आत्ता गप्प बसते. माझ्या वेळी मांडीवर चापटा मारायचीही पद्धत होती, डॉक्टर. तीसुद्धा कुठे लिहिलेली नव्हती."

डॉक्टर गोंधळला. "पण तुम्ही तर इंजेक्शनच्या विरोधात असता ना? सिस्टर म्हणाल्या, तुम्हीच 'नको' लिहिलं होतं."

"अजूनही 'नको'च म्हणते!" वकीलबाई कडाडल्या. "माझ्या मते तिला लागत नाही. पण माझं मत विचारलंय कुणी? माझी पाठ आहे का ती? जा आत. कागद तिच्यापुढे धरा. काय करणार, काय होऊ शकतं, सगळं तिला सांगा. कळ आली तर थांबा, कळ गेली की पुढे सांगा. आणि ती आत्ता 'नको' म्हणाली तर नको, 'हवं' म्हणाली तर हवं. चला!"

दार किलकिलं झालं. मोठी सिस्टर. तिनं आधी वकीलबाईंकडे बघितलं, मग डॉक्टरकडे. "आणा तो कागद आत. ती म्हणतेय मी करते सही." आणि दार लावता लावता, "आणि वकीलबाई, आवाज आतपर्यंत येतोय हं."

"येऊ दे!" वकीलबाई म्हणाल्या.

आणि पुन्हा त्या निसरड्या बाकावर बसल्या. मुलगा अजून पेन धरून उभा होता. त्यानं ते पासवाल्याच्या खिडकीत नेऊन ठेवलं, कुणाचं आहे ते न बघताच. दहा मिनिटांनी डॉक्टर कागद घेऊन त्यांच्यापुढून गेला. जाता जाता पाटी जरा तिरकी धरली. खाली सुनेची सही होती. अर्ध्यात कळ आली असावी, शेवटची रेघ चौकट ओलांडून पार कडेपर्यंत गेलेली.

पावणेतीनला मुलगी झाली. आवाज बाहेरपर्यंत आला, आणि मुलगा म्हणाला, "आई, आवाज तुझ्यावर गेलाय," आणि मग तोंड फिरवून रडला. विहीणबाई बाहेर आल्या, पास पाठीवर गेलेला, केस विस्कटलेले. "मी काहीच केलं नाही हो," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "नुसता हात धरून बसले. मध्ये झोप लागली तिला, तर मी तशीच बसले."

"तेच काम असतं," वकीलबाई म्हणाल्या. मुलाकडे वळल्या. "तू जाऊन ये आधी."

तो जाऊन आला. विहीणबाई परत आत गेल्या. चार वाजता सुनेला मागच्या खोलीत हलवलं, तिथे पास लागत नाही, आणि मग वकीलबाई उठल्या, व्हरांड्यातून चालत गेल्या, त्या खोलीच्या दाराशी पोचल्या. या मजल्यावरचं एकेक दार त्यांनी नऊ वर्षं नुसतं ढकललं होतं. हात दाराच्या मुठीवर गेला. आतून बाळाचं कुरकुरणं येत होतं. पाजतेय वाटतं. पहिल्यांदा पाजताना पोरी हमखास पुढे वाकून बसतात. पाठीला उशी दिली असेल का कुणी? बाळाचं तोंड नीट लागलं असेल का? विहीणबाईंना काय कळतंय त्यातलं? दोनशे जणींना शिकवलंय मी, एका मिनिटाचं काम.

त्यांनी मुठीवरचा हात काढला आणि दारावर टकटक केलं.

"कोण?" सुनेचा आवाज. थकलेला, पण स्पष्ट.

"मी. येऊ का आत?"

आत कुजबुज झाली. मग सून म्हणाली, "आई, पाच मिनिटांनी या. आत्ता नको."

"बरं," वकीलबाई म्हणाल्या.

आणि पर्समधून घड्याळ काढून, मनगटावर बांधून, दाराकडे पाठ करून त्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या. चरफडत होत्या, पण उभ्या होत्या. पाचाची सहा मिनिटं झाली तरी त्यांनी दार ढकललं नाही. पुन्हा एकदा टकटक केलं.